विमानाचा गणवेश
(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हवाई दलाच्या तंत्रशाखेतून निवृत्त होऊन मला आता बराच काळ लोटला आहे. तरीही गावच्या शाळेतून अधूनमधून बोलावणे येते. मागे अशाच एका प्रसंगी मी युद्धांची आणि वैमानिकांच्या पराक्रमाची हकीकत सांगत असता सातवीतील एका मुलाने मध्येच उठून विचारले, "गुरुजी, विमान रंगवितात कशाला? वर ढगांत त्याला कोण बघतो?" वर्गात हशा पिकला. मीही हसून वेळ मारून नेली. परंतु घरी परतल्यावर माझ्या ध्यानात आले की, ज्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली त्याविषयीचा हा पहिलाच मुळाशी जाणारा प्रश्न होता. आजचे व्याख्यान म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर होय.

मी लढाऊ विमानांविषयी बोलणार नाही. त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला बोलावयाचे आहे ते हलक्या वाहतूक विमानांविषयी. आठदहा किंवा वीसतीस माणसे, अथवा तेवढ्याच वजनाचे धान्य, औषधे आणि दारूगोळा घेऊन ही विमाने आखूड, ओबडधोबड धावपट्टीवर उतरतात. त्यांच्याजवळ बहुधा शस्त्र नसते. वेग बेताचा असतो आणि उड्डाण पुष्कळदा इतक्या खालून होते की खालच्या माणसाला बंदुकीचा नेम धरता यावा. अशा विमानाला चिलखत चढविता येत नाही, कारण चिलखताच्या वजनाने वाहून न्यावयाचा मालच कमी होतो. मग त्याच्या रक्षणासाठी उरते काय? वैमानिकाचे कौशल्य, हवामानाची कृपा आणि अंगावरचा रंग. आपण कोण आहोत, हे या विमानाला शेवटच्या क्षणी सांगावयाचे झाल्यास ते रंगाच्याच भाषेत सांगता येते.

रंगाचे वजन

प्रथम कार्यशाळेतील दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि खाऱ्या, दमट हवेत तो आतून पोखरला जातो. म्हणून उघड्या पत्र्यावर आधी झिंक क्रोमेटचा पिवळसर हिरवा अस्तर देण्याची पद्धत होती. वरचा रंग त्यानंतर येई. परंतु रंगालाही वजन असते. डाकोटासारख्या विमानाला नखशिखान्त रंग द्यावयाचा म्हणजे धान्याच्या पोत्याच्या हिशेबात मोजावे असा भार कायमचा अंगावर घ्यावयाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर पुष्कळ वाहतूक विमाने चकचकीत उघड्या धातूच्या अंगानेच उडत, याचे एक कारण हेच होय.

दुसरी गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. पंखांच्या व शेपटाच्या मागील कडांना असलेल्या हलत्या पट्ट्या नव्याने रंगविल्या की त्यांचा तोल पुन्हा तपासावा लागतो. मागील कडेला रंगाचा एक जास्तीचा थर बसला, तर वेगात त्या पट्टीला कंप सुटू शकतो आणि त्या कंपाने शेपूट तुटण्यापर्यंत पाळी येते. आमच्याकडे नव्याने आलेल्या पोरांना रंगकाम हे हलके काम वाटे. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी नोंदवही उघडावयाची, ही सवय त्यांना लावण्यात आमचा निम्मा वेळ जाई.

सिसिलीच्या किनाऱ्यावर

रंगाची खरी किंमत जगाला कळली ती १९४३ च्या जुलैमध्ये. दोस्त सैन्य इटलीच्या सिसिली बेटावर उतरले होते. ११ जुलैच्या रात्री १४४ डाकोटा विमाने अमेरिकन छत्रीसैनिक घेऊन आपल्याच ताब्यातील किनाऱ्याकडे निघाली. त्याच दिवशी जर्मन विमानांनी किनाऱ्याजवळच्या जहाजांवर बॉम्बहल्ले केले होते आणि जहाजांवरील तोफची ताणले गेले होते. पहिली काही डाकोटा विमाने सुखरूप पार झाली. मग कुठूनतरी एक तोफ सुटली आणि तिच्यामागोमाग जहाजांवरील व किनाऱ्यावरील तोफांनी आपल्याच विमानांवर आग ओकली. २३ विमाने पडली. पुष्कळशी चाळण होऊन परतली. शत्रूची गोळी न लागता एवढी माणसे गेली.

या आघाताची आठवण पुढील वर्षी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरताना सेनापतींच्या मनात जागी होती. वाहतूक विमानांच्या पंखांवर आणि धडावर तीन पांढरे व दोन काळे असे पट्टे आळीपाळीने ओढावेत, असा हुकूम निघाला. शत्रूला नक्कल करता येऊ नये म्हणून हा हुकूम अखेरच्या दोनतीन दिवसांपर्यंत गुप्त ठेवण्यात आला होता. त्यामुळे इंग्लंडमधील हवाई तळांवर मिळेल तो रंग, मिळेल तो कुंचला आणि प्रसंगी झाडूसुद्धा घेऊन माणसे कामाला लागली. त्या काळातील छायाचित्रे पाहिली तर पट्टे वाकडेतिकडे दिसतात, रंगाचे ओघळ दिसतात. ५ जून १९४४ च्या रात्री ही विमाने निघाली. त्यांचा बहुतेक प्रवास रात्रीचा असल्याने काळोखात रंगाचा उपयोग किती झाला असेल, याविषयी मला शंका आहे. मार्ग जहाजांपासून दूर आखण्याचाही त्यात मोठा वाटा होता. पण दिवस उजाडल्यानंतर जी विमाने आली, त्यांच्यासाठी ते पट्टे ओळखपत्राप्रमाणे होते.

आता आपल्या बाजूकडे, ब्रह्मदेशच्या आघाडीकडे वळू. ब्रिटिश पद्धतीच्या विमानचिन्हात निळे, पांढरे आणि मध्ये लाल असे वर्तुळ असे. जपानी विमानांवर लाल सूर्यबिंब होते. दूर आकाशात किंवा जंगलाच्या फटीतून पाहणाऱ्याला दोहोंतील फक्त लाल ठिपका दिसे आणि तेवढ्याने घात होण्याचा संभव होता. म्हणून १९४२-४३ च्या सुमारास हिंदुस्थानातील व आग्नेय आशियातील विमानांच्या चिन्हामधून लाल रंग पुसून टाकण्यात आला. आपल्या हवाई दलाची विमानेही त्या काळात केवळ निळ्या छटांचे वर्तुळ मिरवीत. अमेरिकेनेही आपल्या ताऱ्यामधील लाल ठिपका याच कारणासाठी काढला. राष्ट्रचिन्हासारखी मानाची गोष्ट, पण तोफेवर बसलेल्या थकलेल्या शिपायाच्या डोळ्यांपुढे तिलाही नमते घ्यावे लागले.

स्वातंत्र्यानंतर काही काळ आपल्या विमानांवर अशोकचक्राचे चिन्ह होते आणि १९५० मध्ये देश प्रजासत्ताक झाल्यावर आजचे तिरंगी वर्तुळ आले: बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि गाभ्यात हिरवा. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

डाकोटा आणि तिचा क्रमांक

डाकोटाचे मूळ नाव डीसी-३. १७ डिसेंबर १९३५ रोजी अमेरिकेत तिने प्रथम उड्डाण केले आणि युद्धाच्या काळात तिच्या लष्करी आवृत्त्या दहा हजारांवर बांधल्या गेल्या. त्या काळी तिला कोणी हलके विमान म्हटले नसते. आजच्या मापाने मात्र सुमारे तीन टन ओझे वाहणारी डाकोटा हलक्यांतच मोजावी लागेल.

२७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांच्या नेतृत्वाखाली शीख रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे जवान डाकोटांतून श्रीनगरला उतरले. खाली धावपट्टी आपल्या ताब्यात आहे की हल्लेखोरांच्या, हे निघताना खात्रीने ठाऊक नव्हते. राय त्याच दिवशी धारातीर्थी पडले, श्रीनगर वाचले. पुढे २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्या यांना बरोबर घेऊन लेह येथे डाकोटा उतरविली. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने स्थानिक माणसे जमवून सिंधूच्या काठी ती धावपट्टी तयार केली होती. साडेदहा हजार फुटांहून अधिक उंची आणि वाटेत त्याहून कितीतरी उंच शिखरे, अशा त्या मार्गाचा नकाशाही पुरता हाताशी नव्हता. वैमानिकाचे नाव आपण घेतो ते योग्यच आहे, पण माती सपाट करणाऱ्या त्या गावकऱ्यांशिवाय लेहला विमान उतरलेच नसते, हे पंचायतीच्या माणसांपुढे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

आता क्रमांकाची गोष्ट. आपल्या हवाई दलाच्या वारसा ताफ्यात आज उडण्याजोगी एक डाकोटा आहे. तिचे नाव परशुराम. नाव ऐकून कोकणातल्या मंडळींना ती घरचीच वाटेल. राजीव चंद्रशेखर यांनी हे विमान विकत घेऊन इंग्लंडमध्ये नव्याने सिद्ध करविले आणि हवाई दलाला भेट दिले. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटाचे वैमानिक होते. लांबचा प्रवास करून ती २०१८ मध्ये भारतात आली. तिच्या शेपटावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला जवानांना घेऊन श्रीनगरला गेलेल्या डाकोटाचा हा क्रमांक होय. पण विमान ते नव्हे. हे दुसरेच शरीर आहे आणि त्याला त्या पहिल्या विमानाचा क्रमांक गौरवार्थ दिलेला आहे.

यात गैर काही नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपल्याकडेही रीत आहे. मात्र नातवाला आजोबा समजण्याची चूक होऊ नये. रंग आणि क्रमांक पाहून विमानाचा इतिहास सांगू पाहणाऱ्याने आधी विचारले पाहिजे की, हा गणवेश त्याचा स्वतःचा आहे की कोणाच्या स्मरणार्थ घातलेला आहे.

दिसावे की लपावे?

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस कॅनडाहून ऑटर नावाचे विमान आपल्याकडे आले. ऑटर म्हणजे पाणमांजर. सहाशे अश्वशक्तीचे एकच एंजिन, दहाएक माणसांची सोय आणि क्रिकेटचे मैदान थोडे लांबविले की उतरता येईल असा स्वभाव. ईशान्य सीमेवरील डोंगरी ठाण्यांना त्याचा मोठा आधार वाटे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, १९६३ मध्ये, त्याच कारखान्याचे दोन एंजिनांचे कॅरिबू आले. कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतील एक जातीचे सांबर. बत्तीस जवान घेऊन ते उडे आणि मागचा दरवाजा उतरंडीसारखा उघडून माल सोडी.

या दोन विमानांच्या रंगात एक अंतर्विरोध कायम होता. कॅनडाच्या हवाई दलाने आपल्या पुष्कळ विमानांच्या पंखांची टोके व शेपूट भडक लाल रंगाने रंगविली होती. हेतू असा की, विमान बर्फात कोसळले तर शोधणाऱ्याच्या नजरेस ते दुरून पडावे. तेच विमान युद्धाच्या आघाडीवर असेल, तर नेमके उलट हवे: वरून पाहणाऱ्याला ते झाडीत आणि मातीत मिसळून गेले पाहिजे. हिमालयात तर दोन्ही भये एकाच दिवशी उभी असत. आमच्या काळी यावरून वाद होत. मी स्वतः दिसण्याच्या पक्षाचा होतो. कारण त्या डोंगरांत शत्रूपेक्षा हवामानाने अधिक विमाने घेतली, अशी माझी समजूत आहे. युद्धकाळात मात्र लपण्याचाच पक्ष जिंकतो. १९७१ च्या सुमारास उघड्या धातूची चकाकती वाहतूक विमानेसुद्धा हिरव्या-मातकट रंगाखाली गेली, आणि आमच्या हातांचा रंग कित्येक आठवडे निघाला नाही.

त्याच वर्षी या मालवाहूंनी वेगळीच कामे केली. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामासाठी सप्टेंबर १९७१ मध्ये नागालँडमधील दिमापूर येथे एक छोटे हवाई पथक उभे राहिले. त्याचे नाव किलो फ्लाइट. भारताने दिलेली एक डाकोटा, एक ऑटर आणि एक अलूएत हेलिकॉप्टर एवढाच त्याचा संसार. ऑटरच्या प्रत्येक पंखाखाली सात अग्निबाण बसविण्यात आले. ३ डिसेंबरच्या रात्री फ्लाइट लेफ्टनंट शमसुल आलम आणि कॅप्टन अक्रम अहमद यांनी हे ऑटर चितगावच्या तेलसाठ्यावर नेले आणि तो पेटविला. तांदळाची पोती वाहण्यासाठी जन्मलेले विमान एका नव्या राष्ट्राचे पहिले बॉम्बफेकी विमान ठरले. आपल्या कॅरिबूंनीही त्या युद्धात रात्रीच्या वेळी ढाक्याच्या परिसरातील धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकले. ११ डिसेंबरला टांगाइल येथे छत्रीसैनिक उतरले त्यात डाकोटा होत्या, तशीच कॅरिबू विमानेही होती.

ही दोन्ही विमाने आपल्या सेवेतून केव्हाच गेली. पण हवाई दलाची ४१ क्रमांकाची स्क्वाड्रन आजही 'ऑटर्स' म्हणूनच ओळखली जाते, जरी तिच्याकडे डॉर्निअर विमाने असली तरी. 

वाचूनही न मानलेली अक्षरे

आता एक अशी घटना सांगतो की जिचा या सभागृहाशी जवळचा संबंध आहे. आपण ज्या पंचायत समित्यांत आणि जिल्हा परिषदांत बसता, त्यांच्या रचनेचा पाया १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीच्या अहवालात आहे. आपल्या राज्यात वसंतराव नाईक समितीने त्यावर विचार करून स्वतःची चौकट सुचविली, १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. तेच बलवंतराय पुढे गुजरातचे मुख्यमंत्री झाले.

१९ सप्टेंबर १९६५ रोजी, युद्ध ऐन भरात असताना, ते मिठापूरहून कच्छच्या सीमाभागाकडे निघाले. विमान होते बीचक्राफ्ट जातीचे, दोन एंजिनांचे. या जातीची हजारो विमाने महायुद्धात लष्करी वाहतुकीसाठी वापरली गेली होती. हे मात्र पूर्णपणे मुलकी होते. चालविणारे जहांगीर इंजिनिअर हे पूर्वी हवाई दलात होते. कच्छमधील सुथरीजवळ पाकिस्तानच्या एका सेबर लढाऊ विमानाने त्यांना गाठले. त्या सेबरच्या वैमानिकाने, कैस हुसेन यांनी, पुढे दिलेल्या हकीकतीनुसार त्यांनी जवळ जाऊन विमानावरची व्हीटी ही अक्षरे वाचली होती. ही अक्षरे भारतातील मुलकी नोंदणीची होत. विमान लहान, प्रवासी धाटणीचे आहे, हे त्यांनी जमिनीवरील नियंत्रकाला कळविले. बीचक्राफ्टने पंख हालवून आपण निरुपद्रवी असल्याची खूणही केली. काही मिनिटे शांततेत गेली आणि गोळीबाराचा हुकूम आला. बलवंतराय, त्यांच्या पत्नी सरोजबेन आणि विमानातील इतर अशी आठही माणसे मृत्युमुखी पडली. चारच दिवसांनी युद्धविराम झाला.

शेहेचाळीस वर्षांनी, २०११ मध्ये, हुसेन यांनी बीचक्राफ्टच्या वैमानिकाच्या कन्येला पत्र लिहून दुःख व्यक्त केले आणि तिने ते मोठ्या मनाने स्वीकारले. ती दोन्ही पत्रे मी वृत्तपत्रात वाचली. वाचताना माझ्यातील तंत्रज्ञ एकाच जागी अडखळला. अक्षरे पुसट नव्हती. ती वाचता आली होती. रंगाने आपले काम चोख केले होते; ज्याच्यासाठी ते लिहिले होते त्याच्या मनात संशय होता.

असाच प्रकार ९ ऑगस्ट १९७४ रोजी सीरियात घडला. बैरुतहून दमास्कसकडे निघालेले कॅनडाचे बफेलो जातीचे वाहतूक विमान संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत होते. अंग पांढरे, त्यावर राष्ट्रसंघाची अक्षरे. सीरियन क्षेपणास्त्रांनी ते पाडले आणि त्यातील नऊही सैनिक गेले. कॅनडात हा दिवस आजही शांतिसैनिकांच्या स्मरणार्थ पाळला जातो. क्षेपणास्त्राच्या यंत्राला पांढरा रंग दिसत नाही. त्याला फक्त एक हलणारा ठिपका दिसतो. तेव्हापासून अंगावरच्या रंगापेक्षा बिनतारी संकेतांनी ओळख पटविणाऱ्या यंत्रांवर भिस्त वाढत गेली आणि विमानांच्या रंगातला भडकपणाही ओसरला. आज बहुतेक लष्करी विमाने करड्या रंगाची दिसतात. चिन्हेसुद्धा लहान आणि फिकट.

कानपूरचे डॉर्निअर

आपल्याकडे या बदलाचा नमुना पाहावयाचा असेल तर डॉर्निअर पाहावे. मूळ जर्मन बनावटीचे, १९८१ मध्ये प्रथम उडालेले, दोन टर्बोप्रॉप एंजिनांचे आणि एकोणीस आसनांचे हे विमान हिंदुस्थान एरोनॉटिक्स या आपल्या सार्वजनिक कारखान्याने परवाना घेऊन कानपूर येथे बांधावयास घेतले. याच कानपुरात १९६१ मध्ये ॲव्हरो जातीचे पहिले भारतीय जुळणीचे विमान उडाले होते. ॲव्हरोचे पांढरे छत आणि खिडक्यांवरून जाणारा निळा पट्टा जुन्या मंडळींना आठवत असेल. पांढऱ्या छताने उन्हाचा ताप कमी होई, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. कानपूरचे पहिले डॉर्निअर जानेवारी १९८६ मध्ये उडाले आणि त्यानंतर शंभरावर विमाने तेथून बाहेर पडली. हवाई दल, नौदल आणि तटरक्षक दल या तिघांनीही ते स्वीकारले.

एकाच साच्यातून निघालेली ही भावंडे. परंतु कपडे निराळे. गोव्याच्या दाबोळी तळावर नौदलाचे डॉर्निअर अनेकांनी पाहिले असेल. त्याचे अंग करडे, समुद्र आणि ढग यांच्यात मिसळणारे. त्याला पाहणी करावयाची असते, आणि ज्याची पाहणी करावयाची त्याच्या ते लवकर नजरेस येऊ नये. तटरक्षक दलाचे डॉर्निअर, ज्याचा पहिला मोठा तळ दमण येथे झाला, ते आपल्या दलाच्या जहाजांप्रमाणे पांढरे आणि ठळक पट्ट्यांचे. त्याचे काम दिसण्याचे आहे. चक्रीवादळाची सूचना आली की ही विमाने समुद्रात दूर गेलेल्या मासेमारी नौकांवरून खालून फिरतात आणि बिनतारीवरून त्यांना परत फिरण्यास सांगतात. वाऱ्याच्या आवाजात आणि परक्या भाषेत शब्द कळोत न कळोत, पांढरे विमान डोक्यावर दुसऱ्यांदा घिरटी घालू लागले की कोकणचा तांडेल जाळे ओढावयास लागतो. लष्करी विमानाची भाषा इतक्या सरळपणे सामान्य माणसाला समजल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

चौकातले विमान

निवृत्त झालेली विमाने अनेक शहरांत व शैक्षणिक संस्थांत प्रदर्शनासाठी देण्यात येतात. ही चांगली प्रथा आहे. पण एका गावी मी जे पाहिले ते सांगितल्यावाचून राहवत नाही. गावाचे नाव मी घेणार नाही. चौकात उंच ओट्यावर विमान उभे होते. कोणत्यातरी समारंभापूर्वी स्थानिक पेंटरकडून ते रंगवून घेतले होते. तिरंगी वर्तुळ उलटे झाले होते: हिरवा बाहेर आणि केशरी गाभ्यात. शेपटावरचा क्रमांक नव्या रंगाखाली गेला होता आणि त्या जागी देणगीदाराचे नाव होते. मी चौकशी केली. जुना क्रमांक कोणी उतरवून घेतला नव्हता. ते विमान कुठे उडाले, कोणाला घेऊन उडाले, हे सांगणारा एकमेव धागा दोन डबे रंगाखाली गडप झाला होता. पेंटरचा यात काही दोष नाही; त्याला कोणी सांगितलेच नव्हते. रंगविण्यापूर्वी चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, शेपटावरचा क्रमांक, धडावरील बारीक अक्षरे आणि आतल्या भागात ठोकलेली धातूची पाटी यांची नोंद शाळेच्या किंवा नगरपालिकेच्या दप्तरी ठेवावी. खर्च काही नाही. आपल्यापैकी ज्यांच्या हद्दीत असे विमान उभे असेल, त्यांनी परत गेल्यावर एवढे एक काम करावे, अशी माझी विनंती आहे.

कोणी म्हणेल, उडून गेलेल्या पाखराच्या क्रमांकाचा एवढा सोस कशाला? त्याला मी के-२७४३ ची गोष्ट सांगतो. हे एएन-३२ जातीचे विमान होते. ते मध्यम वर्गातले, माझ्या विषयाच्या किंचित बाहेरचे. पण गोष्ट सांगण्यासारखी आहे. २२ जुलै २०१६ च्या सकाळी चेन्नईजवळच्या तांबरमहून ते २९ माणसांसह पोर्ट ब्लेअरकडे निघाले आणि बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. विमाने, जहाजे, पाणबुडी यांनी शोध घेतला. तरंगणारा तुकडादेखील मिळाला नाही. साडेसात वर्षे गेली. राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने खोल पाण्यात सोडलेल्या स्वयंचलित यानाला चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोलीवर, समुद्राच्या तळाशी एका विमानाचे अवशेष दिसले. जानेवारी २०२४ मध्ये शासनाने ते जाहीर केले.

तेवढ्या खोलीवर उजेड पोचत नाही. तेथे कोणता रंग आणि कोणता पट्टा? छायाचित्रांतील अवशेष एएन-३२ शी जुळणारे होते. आणि त्या निवेदनात दुसरे कारण दिले होते ते असे की, त्या भागात अन्य कोणतेही विमान बेपत्ता झाल्याची नोंद नाही. म्हणजे कित्येक वर्षे कोणीतरी कार्यालयात बसून कोणते विमान कोठे निघाले, कोठे पोचले आणि कोणते पोचले नाही, याच्या ओळी लिहीत होता. त्या ओळींमुळे २९ कुटुंबांना आपली माणसे कोठे आहेत ते सांगता आले.